धनी येईपर्यंत

१८१३ सालचा डिसेंबर. मुंबईत कंपनी सरकारच्या नजरेखाली दोन अमेरिकन तरुण दिवस मोजत होते. त्यांना विलायतेच्या जहाजावर चढवून द्यावे, असा हुकूम कलकत्त्याहून आला होता. एकदा हातावर तुरी देऊन ते गलबताने कोचीनपर्यंत पोहोचलेही होते, पण तिथून त्यांना परत आणण्यात आले. आता पळायला जागा उरली नव्हती. उरला होता तो कागद आणि टाक. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना एक पत्र लिहिले.

पत्रात कायद्याचा कीस नव्हता, दयेची याचनाही फारशी नव्हती. गव्हर्नरसाहेब स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी थेट तिथेच हात घातला. सर्व राष्ट्रांत जाऊन सुवार्ता सांगा ही प्रभूची आज्ञा आणि या माणसांना हाकलून द्या हा सरकारचा हुकूम, ही दोन्ही एकदा शेजारी ठेवून पाहा, असे त्यांनी विनवले. एक दिवस असा येणार आहे, की त्या दिवशी हुकूम देणारा आणि ज्यांच्यावर तो बजावला गेला ते, सगळे एकाच सिंहासनापुढे उभे राहतील, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

कंपनीच्या दफ्तरात अर्जविनंत्यांचे ढीग पडत असतील, पण शेवटच्या न्यायाच्या दिवसाची तारीख लागली आहे असे समजून लिहिलेले अर्ज त्यात थोडेच असतील. लिहिणाऱ्यांना तसे खरोखरच वाटत होते. प्रभू येणार आहे, हिशेब मागणार आहे आणि तो येईपर्यंत हातातले काम थांबता कामा नये, या एका समजुतीवर ते अर्धे जग ओलांडून आले होते. त्यांतला एक गॉर्डन हॉल, वय २९. दुसरा सॅम्युएल नॉट, त्याच्याहून चार वर्षांनी धाकटा. जहाज सुटण्याच्या तोंडावर गव्हर्नरांनी हुकूम थांबवला. लंडनहून निर्णय येईपर्यंत त्यांना मुंबईत राहू द्यायचे ठरले.

या माणसांची घडण कशी झाली हे कळायला अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ भागात जावे लागते. विल्यम्सटाउन गावी विल्यम्स कॉलेज आहे. १८०६च्या ऑगस्टमध्ये तिथले पाच विद्यार्थी मोकळ्या रानात प्रार्थनेला जमले असताना वादळ उठले. विजा कडाडू लागल्या, तेव्हा ते गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले आणि तिथेच आशिया खंडाविषयी बोलत बसले. सॅम्युएल मिल्स हा त्यांचा म्होरक्या होता. अमेरिकन प्रोटेस्टंट मंडळींच्या परदेशी मिशन कामाचा उगम त्या गवताच्या गंजीपाशी मानतात. हॉल त्या पाचांत नव्हता, पण त्याच कॉलेजचा होता. १८०८ मध्ये तो तिथून पदवीधर झाला. पुढे त्याला एका मंडळीचे पाळकपद चालून आले. पगार, घर, मान आणि आपल्या बोलीत बोलणारी माणसे, असे सगळे त्यात होते. त्याने ते नाकारले.

त्या काळच्या न्यू इंग्लंडमध्ये प्रभूच्या पुनरागमनाचा विचार घराघरांत होता, पण तो आज आपण बहुधा ऐकतो तसा नव्हता. जोनाथन एडवर्ड्स आणि त्यांचे शिष्य सॅम्युएल हॉपकिन्स यांनी दोन पिढ्यांना शिकवले होते, की आधी सुवार्ता पृथ्वीच्या टोकापर्यंत पोहोचेल, तिच्यामुळे न्यायाचे आणि शांतीचे हजार वर्षांचे युग उगवेल आणि मग प्रभू येईल. हॉपकिन्स यांनी १७९३ मध्ये या सहस्रवर्षीय राज्यावर एक ग्रंथच लिहिला. त्यांच्या शिकवणीत आणखी एक कडक अट होती. ख्रिस्ती माणसाचे प्रेम इतके निःस्वार्थ असावे, की स्वतःच्या तारणाचाही हिशेब त्यात शिरू नये. हे दोन विचार एकत्र आले आणि विशीतली मुले जहाजांच्या चौकशा करू लागली.

लूकच्या शुभवर्तमानात मोहरांचा दाखला आहे. दूर देशी निघालेला एक उमराव दहा चाकरांच्या हाती एकेक मोहर देतो आणि मी परत येईपर्यंत हिच्यावर व्यापार करा, असे सांगून जातो. एक चाकर मोहर रुमालात बांधून जपून ठेवतो. धनी परतल्यावर ज्याच्यावर रागावतो तो हाच. त्याने मोहर चोरलेली नसते, उधळलेली नसते. नुसती ठेवलेली असते. हॉलच्या पिढीला या रुमालाची धास्ती वाटत असे. त्याच्या आयुष्याकडे पाहिले की हे पदोपदी जाणवते.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली. अडोनायरम जडसन, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. हॉल आणि न्यूएल यांनी त्याआधी फिलाडेल्फियात वैद्यकीची व्याख्यानेही ऐकून घेतली होती. त्याच महिन्यात दोन जहाजांनी हे सगळे कलकत्त्याकडे निघाले. कंपनीला मिशनरी नको होते. व्यापाराच्या मुलखात धर्माचा गलबला नको, हे तिचे जुने धोरण होते. त्यात जूनमध्ये इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध पेटले आणि ही मंडळी शत्रुराष्ट्राची ठरली. कलकत्त्याला पाय टेकताच परत जाण्याचे हुकूम हाती पडले. जडसन आणि राइस यांचे बाप्तिस्म्याविषयीचे मत बदलले आणि ते बॅप्टिस्ट झाले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेला, राइस अमेरिकेला परतला. न्यूएल आणि त्याची बायको हॅरिएट मॉरिशसच्या जहाजावर चढले.

हॅरिएटचे वय १९. वाटेत, भर समुद्रात तिला मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत गेली. मॉरिशसला पोहोचल्यावर ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटही क्षयाने गेली. तिने एकाही माणसाला उपदेश केला नव्हता, एकही शाळा काढली नव्हती. ज्या देशासाठी निघाली तिथे तिला राहताही आले नाही. पण तिच्या पत्रांचे आणि रोजनिशीचे पुस्तक अमेरिकेत निघाले आणि ते वाचून पुढच्या दोन पिढ्यांतल्या कितीतरी मुली परदेशी निघाल्या. तिच्या मोहरेचा व्यापार तिच्यामागे झाला.

हॉल आणि नॉट यांनी मात्र कलकत्त्याहून मुंबईचे जहाज गाठले. फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईला उतरले, आणि हुकूम त्यांच्या पाठोपाठ आलाच. पुढची हकीगत वर आली आहे. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कंपनीची सनद नव्याने मंजूर करताना मिशनऱ्यांसाठी दार किलकिले केले, आणि कंपनीचे एक संचालक चार्ल्स ग्रँट यांनी या दोघांची बाजू घेतली. त्यांना राहण्याची परवानगी मिळाली. १८१४ मध्ये न्यूएलही लंकेहून मुंबईला आला. आता तिघे झाले. पण तब्येतीने साथ न दिल्यामुळे पुढच्याच वर्षी नॉट परत गेला.

अशी अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. या नावातला ‘मराठी’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. तेव्हा ना मुंबई मराठी माणसाच्या हातात होती, ना मराठीचा सरकारदरबारी भाव होता. पुण्यात पेशवाई अजून उभी होती. अशा वेळी परक्या मुलखातल्या माणसांनी आपल्या कामाची सीमा एका भाषेवरून आखली. हॉल बाजारात, तळ्यांच्या काठी, देवळांच्या आवारात लोकांशी बोलायला जाई. कोणी ऐके, कोणी वाद घाली, कोणी हसून पुढे जाई. भाषा त्याने अशी रस्त्यावर मिळवली.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. या माणसांना इथल्या लोकांचे दुःख दिसे, पण इथल्या लोकांची भक्ती दिसत नसे. मूर्तिपूजक म्हणून सगळ्यांची एकच मोट ते बांधीत. तुकोबांच्या अभंगांत काय आहे, वारीला जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी का येते, याची वाटपूस त्यांनी केली नाही. ती केली असती तर एक गोष्ट त्यांना फार जवळची वाटली असती. पंढरीची कथा सांगते, की पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता म्हणून देवच विटेवर वाट पाहत उभा राहिला. सेवा आणि वाट पाहणे यांचे नाते या मातीला नवे नव्हते. हे मिशनच्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन याच मिशनच्या कामात आयुष्य घालवणाऱ्या नारायण वामन टिळकांनी आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले, तेव्हा ती उणीव भरून निघाली.

हॉलच्या हयातीत बाप्तिस्मा घेणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच होती. १८१९ मध्ये हैदराबादकडच्या कादर यार खान या मुसलमान गृहस्थाने बाप्तिस्मा घेतला, ही पहिली मोठी घटना. पण शाळा मात्र वाढत गेल्या. मुंबईत, माहीमला, ठाण्याला अशा जागोजाग त्या निघाल्या. या शाळांतले पंतोजी बहुतेक हिंदू होते, कित्येक ब्राह्मण होते. मिशनचा पगार घेऊन ते मिशनची पुस्तके शिकवीत आणि घरी जाऊन आपली संध्या करीत. हॉलच्या सहकाऱ्यांना हे अडचणीचे वाटले नाही असे नाही, पण मुलांना अक्षर येते आहे, ते वाचू लागली आहेत, यावर त्यांनी भिस्त ठेवली. बेने इस्रायल समाजाची मुले या शाळांत आली आणि त्या समाजातून शिक्षकही मिळाले. १८२४ मध्ये मुंबईत मुलींची पहिली शाळा याच मिशनने काढली.

या मुलींच्या शाळेचा धागा फार लांब जातो. १८२७च्या अखेरीस सिंथिया फेरार नावाची एक अविवाहित शिक्षिका मुंबईला आली. मिशनऱ्याची बायको म्हणून न येता स्वतःच्या नावावर, शिक्षिका म्हणून तिला मिशन चालवणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाने परदेशी पाठवले होते. ती आधी मुंबईत आणि मग अहमदनगरला मुलींना शिकवत राहिली. १८६२ मध्ये नगरलाच वारली. तिची नगरची शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनाने उचल घेतली आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले तेही तिच्याकडे, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. फुल्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला नाही. मिशनच्या हिशेबाच्या वहीत ते ‘मिळकत’ म्हणून कुठेच लागणार नाहीत. पण धन्याच्या वहीत रकाने कसे असतात हे कोणाला सांगता येईल? भिडे वाड्यातली फुल्यांची मुलींची शाळा आणि गवताच्या गंजीपाशी झालेली प्रार्थना यांच्यामध्ये एक सरळ वाट आहे असे मला मनापासून वाटते, आणि ती वाट सिंथिया फेरारच्या वर्गातून जाते.

आता छापखान्याची गोष्ट. सेरामपूरला विल्यम कॅरींच्या देखरेखीखाली १८११ मध्येच मराठी नवा करार छापला गेला होता. पण मुंबईत बसून, मुंबई-कोकणातल्या माणसाच्या कानाला लागेल अशा मराठीत मजकूर करायचा तर छापखाना इथेच हवा होता. १८१६च्या अखेरीस होरेशो बार्डवेल मुंबईला आला. त्याला छपाईचे काम येत होते. बंगालमधून देवनागरी खिळे मागवले आणि १८१७ मध्ये या छापखान्यातून पहिले मराठी पुस्तक बाहेर पडले. पुस्तक म्हणजे काय, तर थोड्या पानांची चोपडी. पण मुंबईत मराठी मजकूर खिळे जुळवून छापता येतो, हे त्या चोपडीने दाखवून दिले.

त्या खिळ्यांचा घाट बंगाली कारागिरांच्या हाताचा होता. मराठी डोळ्याला तो जरा परका वाटे. पुढे याच छापखान्यात थॉमस ग्रॅहम याने नवे खिळे पाडले आणि मराठी अक्षराला छापात त्याचे रूप मिळत गेले. गणपत कृष्णाजींनी या मिशनची छपाई पाहून स्वतःचा शिळाछापखाना उभा केला आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. जावजी दादाजी नावाचा एक गरीब मुलगा वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमाराला या छापखान्यात दोन रुपये महिन्यावर खिळे घासायला लागला. त्या मुलाने पुढे निर्णयसागर छापखाना काढला. वेद, पुराणे, संस्कृत काव्ये ज्या सुबक अक्षरांत आपल्या आजोबा-पणजोबांनी वाचली, ती अक्षरे घडवणाऱ्या हातांचे पहिले वळण शुभवर्तमानाचे खिळे घासताना पडले होते. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात याहून सुंदर देवघेव मला दुसरी सापडत नाही.

हॉल आणि न्यूएल हे सगळे पाहायला राहिले नाहीत. ते भाषांतराला बसत. एकेक पुस्तक सुटे करायचे, पंडितांकडून तपासून घ्यायचे, पुन्हा दुरुस्त करायचे, सुटेच छापायचे आणि वाटायचे. नवा करार पुरा व्हायला १८२६ साल उजाडले.

या कामाच्या धबडग्यात दोघांनी मिळून इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. १८१८ मध्ये ते अमेरिकेत प्रसिद्ध झाले. जगाचे परिवर्तन, अर्थात साठ कोटींचा हक्क, असा त्याच्या नावाचा अर्थ होतो. पुस्तक म्हणजे एक मोठे गणित होते. जगात सुवार्ता न ऐकलेली माणसे साठ कोटी. वीस हजार माणसांमागे एक मिशनरी धरला तर लागतील ३०,००० मिशनरी. मग एवढी माणसे कुठून काढायची, पैसा कसा उभा करायचा, कोणत्या देशाच्या वाट्याला किती जण येतील, असा सगळा ताळेबंद त्यांनी मांडला. मुंबईतल्या मोजक्या माणसांच्या मिशनमध्ये बसून, शेजारच्या गल्लीतला एकही माणूस अजून ख्रिस्ती झालेला नसताना, ते साऱ्या पृथ्वीचा हिशेब करत होते. वाचताना छाती दडपते आणि त्यांच्याविषयी माया वाटते.

प्रभूची वाट पाहणारी माणसे आकडेमोड करू लागतात हे काही एकट्या त्यांचे वैशिष्ट्य नव्हे. ज्या बर्कशायर परगण्यात ती गवताची गंजी होती, त्याच परगण्यातल्या पिट्सफील्ड गावी १७८२ मध्ये विल्यम मिलर जन्माला आला. हॉलहून तो दोनच वर्षांनी मोठा. शेतकरी माणूस, मनाने सरळ. त्याने दानिएलाच्या पुस्तकावरून वर्षे मोजली आणि प्रभू १८४३च्या सुमाराला येईल असा निष्कर्ष काढला. पुढे त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस पक्का केला. हजारो माणसे त्या दिवसाची वाट पाहत होती. काहींनी शेतातले पीक काढले नाही, कारण काढलेले खाणार कोण? रात्र उलटली, पहाट झाली आणि ती माणसे ओक्साबोक्शी रडली. त्यांच्या रडण्याला नावे ठेवणे मला जमत नाही. ज्याच्यावर जीव आहे तो येणार म्हणून दारात उभे राहिलेल्या कोणाचेही रडणे खरेच असते. थेस्सलनीकाच्या मंडळीतही काही जण प्रभू येणारच म्हणून कामधंदा सोडून बसले होते, आणि पौलाने त्यांना आपापली भाकरी कमवून खायला सांगितले होते.

मिलरने वर्षे मोजली, हॉलने माणसे मोजली. दोघांचीही गणिते चुकली. ३०,००० मिशनरी आले नाहीत. हॉलच्या हाती मात्र गणिताखेरीज रोजचे काम होते. तळ्याकाठचे बोलणे होते, शाळेतली पाटी होती, खिळ्यांची पेटी होती. गणित चुकल्याचे त्याला कळले असते तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो माहीमच्या शाळेकडेच निघाला असता.

मोजणी दुसऱ्या बाजूनेही चालू होती. १८१७ मध्ये बंगालात उठलेली पटकी पुढच्या वर्षी मुंबईला पोहोचली आणि मग दरसाल परतत राहिली. ३० मे १८२१ रोजी न्यूएल तिच्यात गेला. मॉरिशसच्या मातीत हॅरिएट, मुंबईच्या मातीत तो. मागाहून आलेल्यांपैकी कोणाला तापाने नेले, कोणी खंगून परत गेले. पहिल्या पाचांपैकी मुंबईत आता एकटा हॉल उरला.

त्याने १८१६ मध्ये मुंबईतल्याच मार्गारेट लुईस या इंग्रज तरुणीशी लग्न केले होते. दोन मुलगे होते. मुलांच्या प्रकृतीला इथली हवा मानवेना, तेव्हा १८२५ मध्ये मार्गारेट त्यांना घेऊन अमेरिकेला निघाली. तिने तो देश कधी पाहिलेला नव्हता. हॉलने जावे की नाही यावर विचार झाला. तो गेला नाही. काम सोडून जाण्याइतके कारण आपल्याला दिसत नाही, असे त्याचे मत पडले. बंदरावर निरोप देऊन तो एकटा घरी आला. दोघांपैकी एक मुलगा वाटेतच, समुद्रावर गेला. वाचलेला मुलगा बापाचेच नाव घेऊन मोठा झाला आणि पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये पाळक झाला. बापलेकांची गाठ पुन्हा पडली नाही.

हे वाचताना मी नेहमी अडखळतो. सेवेच्या नावाखाली घरच्यांना इतकी किंमत मोजायला लावणे बरोबर होते का, हा प्रश्न मला सोडत नाही. मार्गारेटच्या बाजूने उभे राहून पाहिले तर हॉलचा निर्णय फार कठोर दिसतो. त्याच्या बाजूने पाहिले तर दिसतो तो मराठी अवगत झालेला, बारा वर्षे रुजलेला एकुलता एक माणूस आणि छापखान्यात अर्धवट असलेला नवा करार. निवाडा करण्याचे बळ माझ्यात नाही.

१८२६च्या सुरुवातीला त्याने अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांना एक आवाहन लिहिले. त्याचा विषय होता मराठी बोलणारी १ कोटी २० लाख माणसे. आठ वर्षांपूर्वी साठ कोटींचा हिशेब मांडणारा माणूस आता एका भाषेच्या माणसांविषयी लिहीत होता. आकडा लहान झाला होता, पण त्या आकड्याला आता तोंडे होती. ठाण्याचा पंतोजी, माहीमची मुले, रस्त्यात हुज्जत घालणारा शास्त्री, पटकीत आई गेलेली पोर. या १ कोटी २० लाखांसाठी माणसे पाठवा, असे तो कळवळून सांगत होता. आवाहन पुरे करून त्याने ते अमेरिकेला पाठवण्याची तजवीज केली आणि मार्चच्या सुरुवातीला तो नाशिककडे निघाला. बरोबर मिशनच्या हाताखाली वाढलेली दोन ख्रिस्ती मुले, पुस्तकांचे गाठोडे आणि औषधे.

नाशिकला आणि त्र्यंबकला पटकीचे थैमान होते. यात्रेकरू गोदाकाठी मरून पडत होते. हॉल पुस्तके वाटायला आला होता, पण तिथे त्याची वैद्यकी आधी कामाला आली. असतील ती औषधे त्याने लोकांना दिली, असतील ती पुस्तके वाटली. दोन्ही संपली तेव्हा तो मुंबईला परत फिरला.

आज नाशिकहून पुण्याकडे येताना सिन्नर ओलांडले की पुढे दोडी लागते. शेजारीच दापूर. त्या काळच्या इंग्रजी कागदांत दोन्ही नावे जोडून ‘दोडी दापूर’ असे लिहिलेले असते. १९ मार्च १८२६च्या रात्री तिघे तिथे पोहोचले. उतरायला दुसरी जागा नव्हती, म्हणून गावच्या देवळाच्या ओसरीवर त्याने पथारी टाकली. आयुष्यभर ज्या देवळांबाहेर उभा राहून तो बोलला, त्यांतल्याच एकाने त्या रात्री त्याला आसरा दिला.

पहाटे चारच्या सुमाराला पटकीचा झटका आला. त्याने मुलांना उठवले. थोडे औषध घेऊन पाहिले, पण पोटात ते ठरेना. तेव्हा त्याने सावकाश, शुद्धीवर राहून सगळी निरवानिरव केली. आपल्या चीजवस्तूंचे काय करायचे, मुंबईला कसे परतायचे, आपल्याला कसे पुरायचे, हे त्याने मुलांना नीट समजावले. भोवती जमलेल्या गावकऱ्यांशी तो मराठीत बोलला. समुद्रापलीकडच्या बायकोसाठी, मुलांसाठी, मुंबईच्या सोबत्यांसाठी प्रार्थना केली. शेवटी तीनदा देवाचा जयजयकार केला. आठ तासांत सगळे आटोपले. एकेचाळीस वर्षे आणि साडेअकरा महिने हे त्याचे वय होते.

शवपेटी नव्हती. पाळक नव्हता. मुलांनी खड्डा खणवून घेतला, त्याला त्याच्याच घोंगडीत गुंडाळले आणि मातीत ठेवले. मग ती दोघे मुंबईच्या वाटेला लागली. छापखान्यात नव्या कराराची शेवटची पाने जुळवली जात होती.